पहिल्या सत्राची केटी

"केमिस्ट्रीत केटी लागलेली. पुसून का नाही घेतलीस?" बोकील मॅडमनी मार्कशीटवरून नजर न काढता विचारलं.

मेडिकलच्या मुलाखतीला आलेल्या बाकी साऱ्या नापासांनी कॉलेजचं पहिलं सत्र पुसून घेतलं होतं. नियमच तसा होता. केटी पुसायची, तर ते सहा महिने डोक्यातूनही पुसून घ्यायचे. नापास झाल्याचं आठवत असेल तर कोरी मार्कशीट खोटी ठरते.

"त्याच सहा महिन्यांत माझे पप्पा गेले, मॅडम," अनुजा खरात म्हणाली. "शेवटी त्यांना पाणी गिळवत नव्हतं. कापसाचा ओला बोळा ओठांना कसा लावायचा, ते वॉर्डातल्या सिस्टरांनी शिकवलं. ते विसरून डॉक्टर कशाला व्हायचं?"

मॅडमनी मार्कशीटवरून नजर वर केली. त्यांचंही पहिलं सत्र कोरं होतं. तेव्हाच्या एका फोटोत कुणी म्हातारी त्यांचा हात धरून बसली होती. ती कोण, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

त्यांनी प्रवेशपत्रावर सही केली. अनुजा आभार मानायला उठली, तर त्याच म्हणाल्या, "थँक्यू, बाळा. बस अजून. त्या सहा महिन्यांतलं सगळं सांग मला."