रंगाखालचा गंज

गाडी लिफ्टवर चढली होती आणि विमा तपासनीस तिच्या खाली मान वर करून उभे होते. त्यांनी हात उंचावून नव्या शॉकअपचा रंग नखाने खरवडला. रंगाखाली जुना गंज निघणार याची त्यांना खात्री होती. निघालं ते नुसतं चकचकीत लोखंड, आणि त्याने त्यांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. इतकी सफाई म्हणजे मुरलेल्या माणसाचं काम.

"साहेब, माल नवाच आहे," गॅरेजवाली म्हणाली. "खोकी तुमच्यासमोर फोडली होती."

"खोकी माझ्यासमोर फोडलीत. बसवताना मी नव्हतो."

अपघातांचे दावे तपासण्यात तपासनिसांची हयात गेली होती. स्वतःची गाडी स्वतःच भिंतीवर घालून भरपाई मागणारे लोक त्यांनी पाहिले होते, त्यामुळे त्यांचा विश्वास कशावर असलाच तर तो अविश्वासावर. घरात दूध उतू गेलं तरी ते आधी साक्षीदार शोधत. जन्मात हौस म्हणून काय केलं असेल तर ही बुटकी, चपळ, लाल गाडी घेतली. रोज सकाळी लेकीला कॉलेजात सोडायचं आणि तिथून ऑफिस गाठायचं, ते हिच्यातूनच.

"मग बिघडलंय काय, ते तरी नीट सांगा."

"गाडी मुकी झालीय," तपासनीस म्हणाले. "आधी रस्त्यावरचा खडान् खडा तळव्याला कळायचा. ब्रेक किती दाबलाय ते कळायचं. शॉकअप गेले असतील म्हणून बदलून घेतले, तरी तेच. पाय कापसावर ठेवल्यासारखा."

"मऊ झालीय म्हणता?"

"मऊ कसली!" टायरच्या थप्पीवर बसलेली लेक म्हणाली. "माझी हाडं खिळखिळी झालीत. आणि परवा सिग्नलला पुढच्या गाडीवर चढलोच होतो आपण, बाबा. मला उद्यापासून बसने जायचंय."

हे तपासनिसांना लागलं. लेकीची सकाळची तेवढीच काय ती सोबत त्यांच्या वाट्याला येत होती.

"ब्रेक लागलाच नाही. मी पाय ठेवला होता," ते म्हणाले.

"ब्रेक मी काल बघितलेत, ठणठणीत आहेत." गॅरेजवालीने हात पुसले. माल परत करायचा असला की गिऱ्हाइकाची गाडी मुकी होते, बहिरी होते, हे तिलाही ठाऊक असावं. तीही त्यांच्याकडे तशाच नजरेने बघत होती.

"ते काही नाही. आणखी कडक स्प्रिंगा घाला. म्हणजे बोलेल."

"मी घालणार नाही. रोजच्या गाडीला चांगले टायर, नवे रबरी बुश आणि हे शॉकअप, एवढं पुष्कळ झालं. याहून कडक केलीत तर खराब रस्त्यावर चाक जमीन सोडेल. आणि हवेत ब्रेक लागत नाही, साहेब."

"मग वळणावर कलू नये म्हणून तो जाडा बार कशाला गळ्यात मारलात?"

गॅरेजवाली लिफ्टच्या बटणाकडे वळली. "तो जरा हौसेचा भाग होता."

तपासनिसांनी हे मनात टिपून ठेवलं. माणूस एकदा सापडला की पुन्हा सापडतो.

तिने लिफ्ट खाली आणली, दाराशी स्वतःचे बूट उडवले आणि म्हणाली, "चला, एक चक्कर मारू. तुम्हीही बूट काढा."

"कशाला?"

"मी गाडी अनवाणीच तपासते. जाड तळ मध्ये आल्यावर पायाला काय कळणार? शेजारी बसा, पाय सपाट टेकवा, आणि कुठे काय कळत नाही ते जागच्या जागी सांगा."

ही युक्ती तपासनिसांना नवी होती. त्यांनी तिच्याकडे, मग लेकीकडे पाहिलं, सीटच्या कडेला बसून नाइलाजाने उजवा बूट ओढला. टणकन एक नट फरशीवर पडला.

तपासनिसांनी त्याच्यावर झडप घातली. "सापडला! बघ, हा बघ! माझ्या गाडीचा नट सुटतो, माझ्या बुटात येऊन पडतो, आणि ह्या म्हणतात काम चोख आहे!" कितीतरी दिवसांनी त्यांना इतकं हलकं वाटत होतं. त्यांनी नट उजेडात धरून त्याचे आटे निरखायला सुरुवात केली.

गॅरेजवालीने मान खाली घातली. चोर पकडला गेला की अशीच मान खाली घालतो.

ती नटाकडे बघतच नव्हती. लेकही नव्हती. मोजा खालून काळपट होऊन पायाला चिकटला होता. लेक त्या तेलकट फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिने तो हळूहळू सोडवला. तळव्यात नटाने आपल्या मापाचं सहा कोनांचं घर करून ठेवलं होतं. कडा सुजल्या होत्या आणि मधून ओल येत होती.

"बाबा," ती घाबरून म्हणाली, "हा कधीपासून आहे बुटात?"

"विषय बदलू नकोस. बाईंना विचार, कुठला नट आहे हा."

लेकीने जखमेच्या कडेला अंगठा टेकवला. दाबला. मग आणखी जोरात दाबला.

"इथं दुखतंय?"

तपासनिसांनी नटावरची नजर काढली नाही.

"आधी हात तर लाव," ते म्हणाले.