एकही शब्द पुरवायचा नाही

"करंट थोडा वाढवा ना मॅडम," रुखमा म्हणाली. "इतक्यानं आमच्या ह्यायले काईच होऊन नाई राह्यलं."

नंदिनीनं नकारार्थी मान हलवली. पक्षाघाताच्या झटक्यानं वाचा गेलेल्यांवर उपचार करण्यासाठी ती वडशाच्या दवाखान्यात येत असे. रुखमाच्या नवऱ्याच्या, गुलाबच्या डोक्याला तिनं मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्यानं बांधले आणि मशीन सुरू केलं. मुंग्या आल्यासारखं झालं तसं गुलाबनं कपाळ खाजवलं. बाकी ढिम्म.

"काकू, करंट शब्द देत नाही. तो मेंदूला नुसतं जागं करतो, म्हणजे केलेला सराव लवकर भिनतो. शब्द काकांनाच काढायचेत. तुम्ही एकही पुरवायचा नाही. इथंही नाही, घरीही नाही."

हे ऐकून ऐकून रुखमाचे कान किटले होते. तिला गप्प बसवणं म्हणजे शिक्षाच होती. झाडीपट्टीच्या नाटकांत गुलाब नायक आणि रुखमा त्याची प्रॉम्प्टर. गड्याला अक्षरओळख नाही. लग्न झाल्यापासून दर हंगामात ती विंगेत बसून हळूच ओळ सोडायची आणि तो ती उचलून पार शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा. तिनं ओळ सोडल्याशिवाय त्यानं स्टेजवर कधी तोंड उघडलं नाही. घरी तर तो नुसत्या 'हूं'वर भागवायचा.

उन्हाळ्यात झटका आला आणि सगळं गेलं. 'हूं' तेवढं उरलं.

नंदिनीनं बैलाचं चित्र समोर धरलं. गुलाबनं चित्राकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या रुखमाकडे पाहिलं. पहिल्या दिवशी तो एकटा घाबरला होता, म्हणून नंदिनीनंच तिला जवळ बसवलं होतं. आता रुखमाचे ओठ हलले. नंदिनीनं डोळे वटारले तसे तिनं ते दाताखाली दाबले.

गुलाब तिच्याकडे पाहतच राहिला. शब्द काही निघाला नाही. हंडीच्या चित्रालाही नाही, कुऱ्हाडीच्या चित्रालाही नाही.

तेवढ्यात नाटक कंपनीच्या मालकाचा, बिरजूचा फोन आला. "वहिनी, दिवाळी तोंडावर आली. भाऊ उभा राह्यते का नाई, आजच सांगा. नाई त मले दुसरा हिरो पाहा लागंन."

"सांगते थोड्या वेळानं," म्हणून तिनं फोन ठेवला. मग तिचा पारा चढला. इतके दिवस कुरखेड्याहून एसटीचे धक्के खात यायचं, ओली पट्टी बांधायची आणि परत मुक्यानं घरी जायचं!

"थट्टा लावली का आमची?" ती नंदिनीवर कडाडली. "बैल म्हणता येत नाई माणसाले, अन् तुम्ही म्हणता मेंदू जागा होऊन राह्यला! काऊन जागा होऊन राह्यला? झोपाले?"

नंदिनीनं चित्रांचा गठ्ठा पुन्हा हातात घेतला. तिचाही धीर सुटत चालला होता. गुलाब कावराबावरा होऊन बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

रुखमा तरातरा बाहेर आली आणि खिडकीखालच्या पायरीवर बसली. आता बिरजूला नाही म्हणायचं. गुलाबच्या नावाचं पोस्टर या वर्षी लागणार नाही. तिला रडू आलं. तिनं नंबर काढला.

"बैल," आतून आवाज आला. जाड, घसरता, पण गुलाबचाच. "हंडी. कुऱ्हाड. मोहाचं फूल."

रुखमाचा हात जागीच थांबला.

"काका!" नंदिनी ओरडलीच. "इतके दिवस का नाही बोललात?"

"तिनं ओळ सोडल्याबिगर कसा बोलू? तिची वाट पाहून राह्यलो होतो. ती उठून गेली, त मंग मलेच बोला लागलं." गुलाब अडखळत, एकेक शब्द जपून टाकत होता. मग त्यानं आवाज खाली आणला. "मॅडम, माह्यं झालं. आता ते मशीन तिच्या डोक्याले लावा. चित्र पाहून बिचारीचे ओठ हालतेत, पण शब्दच फुटून नाई राह्यला."