सारजाचं विमान

सारजाला विमानाची भारी धास्ती. पण विमान कंपनीत नोकरीला लागलेल्या बिरूनं, तिच्या थोरल्यानं, यंदाच्या दिवाळीला आईला दिल्ली दाखवायचीच असं मनावर घेतलं होतं. त्यानं तिच्या कानांत कापूस घातला, तोंडात लिमलेटची गोळी दिली आणि विमान खाली उतरेपर्यंत तिचा हात सोडला नाही. लेकानं असं जपल्यावर म्हातारीची भीती कुठल्या कुठं पळाली.

दिवाळी सरल्यावर ती अंथुर्ण्याला परतली, ती थेट मेंढवाड्याकडं गेली. वाडा रिकामा होता.

"तात्याबा, मेंढरं कुठं हायती?" तिनं धाकट्याला विचारलं.

"इकली, आई." तात्याबानं मान खाली घातली. "दादाच म्हणला, आई हितं असताना न्हाय जमायचं. मी तिला दिल्लीला नेतो, तवर तू उरकून घे."