पिवळ्या रेघेपर्यंतचा कायदा

"आई आजारी आहे ना? मग जा," स्टाव्रोस म्हणाला. "पगार कापणार नाही."

बर्नाडेटच्या हातातलं कॉफीचं भांडं तसंच अधांतरी राहिलं. पिट्सबर्गमधल्या या खानावळीत वाढपाचं काम करण्यात तिची हयात गेली होती. सुट्टी मागितली की मालकाचं ठरलेलं उत्तर यायचं: बदली माणूस शोध, मग जा. आणि आज हाच बाबा स्वतः दार उघडून उभा.

"मेहेरबानी समजू नकोस," तो गुरगुरला. "आजारपणात भरपगारी सुट्टी द्यायचीच, असा शहराचा कायदा आहे. आम्ही मालक मंडळी कोर्टात गेलो आणि तोंडावर आपटलो."

ते तिला ठाऊक होतं. धंद्यांवर असलं ओझं टाकायचा शहराला हक्क नाही, असं राज्याचा एक जुना कायदा म्हणत होता. वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी राज्याच्याच सर्वोच्च कोर्टानं राज्याचाच दुसरा जुना कायदा, रोगराई आवरण्याचा, पुढे केला आणि म्हटलं, आहे हक्क. बाई गं, बर्नाडेटला वाटलं, काळे झगे घातलेली एवढी मोठी माणसं खल करत बसली, ती कशावर? तर माझ्या ताप-खोकल्यावर, माझ्या आईच्या दुखण्यावर. तिच्या अंगावर काटा आला. आजवर तिच्या दुखण्याची दखल काळ्या कुत्र्यानंही घेतली नव्हती.

पण हॉस्पिटलात तिचा उपयोग शून्य. पक्षाघाताचा झटका आल्यापासून आई इंग्रजी पार विसरली होती, माहेरची स्लोवाक भाषा तेवढी बोलत होती. नीट कळल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही, म्हणून अडून बसली होती. फोनवरच्या दुभाष्याला तिनं शिव्या घातल्या. तिला धाकटी लेक टिल्लीच हवी होती, कारण ती भाषा घरात टिल्लीनंच उचललेली. डॉक्टर म्हणाले होते, दुपारच्या आत ठरवा, नाहीतर जिवावर बेतेल.

टिल्ली रस्त्यापलीकडच्या बेकरीत कामाला होती. रस्त्याच्या मधोमध पिवळी रेघ होती, आणि रेघेपलीकडे चहूबाजूंनी शहरानं वेढलेलं एक वेगळं चिमुकलं गाव. त्याची नगरपालिका वेगळी, नियम वेगळे. बर्नाडेट एप्रन न काढताच तिकडे धावली.

टिल्ली रडत रडत कणीक मळत होती. बेकरीवाला कर्ट हाताची घडी घालून उभा होता.

"तुमचा कायदा त्या रेघेपर्यंत," तो म्हणाला. "इथं राज्याचं चालतं, आणि राज्य यावर गप्प आहे. मी मात्र गप्प नाही. बदली माणूस आण, मग जा."

बर्नाडेटनं बहिणीच्या हातातला गोळा काढून घेतला. "ही घे बदली."

"तुला येतं काय यातलं?"

"पाव विकता येतो आणि गिऱ्हाईक सांभाळता येतं. टिल्ली, बघत काय बसलीस? पळ."

टिल्ली पळाली.

दहा-वीस गिऱ्हाइकं झाली असतील नसतील, तोच दारातून स्टाव्रोस आत आला. त्याचे पाव संपले होते. काउंटरमागे बर्नाडेटला बघून तो थबकला. हाताशी होती ती नोकरीही आता गेली, असं तिनं धरलं.

"तू आईची काळजी घ्यायला गेली होतीस ना?"

"तीच घेतेय," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे टिल्ली होती. "बर्ना, सही केली तिनं. आत नेतायत बघ आता." तिच्यामागून आईचा आवाज येत होता, कुणाला तरी ठणकावून काहीतरी सांगणारा. बर्नाडेटला एक अक्षर कळलं नाही. तरी ती फोन कानाला गच्च लावून ऐकतच राहिली. आवाज थांबल्यावर पिठाळ हातांनी तिनं डोळे पुसले.

स्टाव्रोसनं सगळं ऐकलं होतं. तो कर्टकडे वळला.

"कर्ट, बर्नाडेटचा आजचा पगार माझ्या गल्ल्यातून जातोय. म्हणजे तुझ्याकडच्या टिल्लीच्या सुट्टीचे पैसे आज मी भरतोय बरं का."

कर्टनं स्टाव्रोसच्या पावांची पिशवी बांधायला घेतली, परत सोडली आणि आत आणखी एक पाव टाकला.