कॅमेरे सुरू करा

जेवताना लेकीने विचारलं, "बाबा, इन्फिनिटिव्ह म्हणजे काय?"

त्याने पोळीचा तुकडा उगाच आमटीत फिरवला. लग्न ठरताना त्याने आपलं इंग्रजी फर्डं असल्याची थाप मारली होती आणि बायको तेव्हापासून ती माहेरी अभिमानाने सांगत आली होती.

"आईला विचार की. ती कॉन्व्हेंटची."

"तिनेच तुझ्याकडे पाठवलंय."

"मग उद्या सांगतो. घाईघाईत सांगण्यासारखं नाही ते."

दुसऱ्या दिवशी बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्याची खात्री करून तो खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर जाऊन बसला आणि खोट्या नावाने पालकांच्या ऑनलाइन इंग्रजी वर्गात शिरला. बाई छान शिकवत होत्या. काळ कुठलाही असो, 'टू'पुढचं क्रियापद आपलं रूप सोडत नाही, हे त्याला चक्क कळलं. त्या क्रियापदाचा त्याला थोडा हेवाही वाटला.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मंडळी, आता सगळ्यांनी कॅमेरे सुरू करा. नाहीतर वर्गाबाहेर."

बायकोच्या ओळखीचं कुणी निघालं, तर संध्याकाळच्या आत तिच्या कानावर जाणार. लेकीने बदकाचं स्टिकर चिकटवलेलं हेल्मेट त्याने डोक्यात घातलं, काच खाली ओढली आणि बटण दाबलं.



शेजारच्या चौकटीत तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई होती. तिच्यामागे दोरीवर खिशाला शाईचा डाग पडलेला त्याचाच शर्ट वाळत होता, आणि ती डोळे विस्फारून बदकाकडे बघत होती.