बुजवलेली विहीर

जमीन घेतली तेव्हा आधीच्या वस्तीच्या खुणा जागोजागी होत्या: पडके चौथरे, काळवंडलेल्या चुली आणि दगडांनी गच्च बुजवलेली विहीर. फटींतून खाली पाणी चमकत होतं. "भरल्या पाण्याची विहीर कोणी बुजवतं का?" बायकोनं विचारलं. "जळकी माणसं! आपल्याला नाही, तर मग कुणालाच नाही," नवरा म्हणाला. उन्हाळाभर खपून दोघांनी दगड उपसले. पाणी गोड, नितळ निघालं. वर्षभरात थोरल्या मुलीच्या तळहातांवर काळे डाग उठले, मग अन्न जिरेना, आणि एके दुपारी ती गेली. माळावर तिच्यासाठी खड्डा खणताना नवऱ्याची कुदळ एका लहानग्या कवटीला लागली. बाजूला सरकून खणलं, तिथेही तसंच. सगळी हाडं पोरांचीच. त्यानं कुदळ खाली टाकली. "पुढच्यांनी पिऊ नये म्हणून बुजवली होती गं विहीर." बायकोनं कडेवरच्या धाकट्याला छातीशी आवळलं. "याला आत्ताच पाणी पाजून आणलंय," ती म्हणाली.