मादामची कपबशी

बासष्ट साली फ्रान्समधल्या एका शाळेत इंग्रजीच्या तासाला मदतनीस म्हणून गेलेली मालिनी वर्षभर मादाम लुसींच्या घरी राहिली होती. पुढे त्या तिला भेटायला बंगळूरला आल्या, तेव्हा आईने कौतुकाने कॉफी दिली, चकल्या वाढल्या. त्या गेल्यावर मात्र त्यांची कपबशी मागच्या दारी, मोलकरीण कृष्णाबाईच्या कपाशेजारी नेऊन ठेवली.

“आई, माझ्यासाठी त्यांनी वर्षभर घरात मांस शिजवलं नाही,” मालिनी संतापून म्हणाली.

“बाई चांगलीच आहे गं. पण सोवळं नको सांभाळायला?”

मालिनीने ती कपबशी आणून घरच्या कपांत ठेवली.

“उद्या कृष्णाबाईचाही कप आत आणशील,” आई म्हणाली.

मालिनी थबकली. तो कप तिने लहानपणापासून तिथेच पाहिला होता. ती पुन्हा मागच्या दारी गेली.